अडलेली कात

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकली आहे. ज्याला स्थिर ठावठिकाणा नाहीं अशा मनुष्याला उद्देशून ती योजितात. परंतु ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यानें विंचवाची मादी खरोखरच लक्षपूर्वक पाहिली असली पाहिजे. विंचू अंडीं घालीत नाहीं. त्याची मादी जिवंत पिलांना जन्म देते, आणि तीं पांढरीशुभ्र पिलें जन्मतांच आईच्या पायांवरून चढून तिच्या पाठीवर जाऊन बसतात. पिलें आईला खाऊनच मोठीं होतात अशी जी समजूत आपल्या खेड्यापाड्यांतून आढळते, ती मात्र खरी नव्हे. पिलें आईच्या पाठीवर असतांना कांहींच खात नाहींत. जन्मापूर्वीं अंगांत सांठविलेल्या अन्नावरच तीं राहतात.

याच पाठीवर, जन्मानंतर सुमारें एक-दोन आठवड्यांनीं, एक विलक्षण घटना घडते. प्रत्येक पिलूं आपली पहिली त्वचा फाडून तिच्यांतून बाहेर येतें. सापाप्रमाणें विंचूहि कात टाकतो, ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक नसते. ही कात कशी पडते, कधीं कधीं ती कां अडते, आणि अडली असतां पाहणाऱ्यानें काय करावें व विशेषतः काय करूं नये, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. गेल्या वर्षीं आमच्या विज्ञानाच्या खोलींत घडलेला एक प्रसंग या लेखास निमित्त झाला आहे. त्या प्रसंगांत माझ्या हातून झालेली चूकहि मी येथें सांगणार आहें. कारण चुकांवांचून सांगितलेला धडा अपुराच राहतो.

विंचवाचें शरीर

विंचू हा किडा नव्हे. किड्याला सहा पाय असतात; विंचवाला आठ. कोळी, गोचीड व विंचू हीं एकाच अष्टपाद कुळांतलीं भावंडें होत. आज पृथ्वीवर विंचवाच्या अडीच हजारांहून अधिक जाति ज्ञात आहेत, आणि दगडांत सांपडलेल्या अवशेषांवरून पाहतां हें कूळ सुमारें ४३ कोटी वर्षांपूर्वीं, म्हणजे पृथ्वीवर मोठमोठे सरडे अवतरण्याच्याहि फार पूर्वीं, अस्तित्वांत होतें.

त्याच्या शरीराचे ठळक भाग येणेंप्रमाणें आहेत. पुढें तोंडापाशीं लहान चिमट्यांसारखे जबडे. त्यांच्या दोहों बाजूंस भक्ष्य धरण्याचे दोन मोठे चिमटे. डोक्यावर व छातीवर मिळून एक अखंड ढाल. चालण्याचे आठ पाय. त्यामागें पेरांचें रुंद पोट. आणि शेवटीं पांच पेरांची शेंपटी व तिच्या टोंकास विषाची नांगी. पोटाच्या खालच्या बाजूस श्वासाचीं चार जोड छिद्रें असतात. आंतील फुप्फुसें पुस्तकाच्या पानांप्रमाणें एकावर एक रचलेल्या पातळ पडद्यांचीं असतात. पायांच्या मागें, पोटाखालींच, फणीच्या आकाराचें एक जोड इंद्रिय असतें. त्याच्या योगें विंचू जमिनीची पारख करीत चालतो.

आपला सांगाडा आपल्या मांसाच्या आंत असतो. विंचवाचा सांगाडा बाहेर असतो. तें त्याचें कवच होय. त्याच कवचाच्या आंतील बाजूस त्याचे स्नायु चिकटलेले असतात. कवचामुळें त्याचें शत्रूंपासून आणि उन्हानें सुकून जाण्यापासून रक्षण होतें. परंतु या कवचाला एक मोठी उणीव आहे. तें वाढत नाहीं.

कात म्हणजे काय

आपल्या घरांतील वाढत्या मुलाचा सदरा दर वर्षीं आंखूड होतो, तेव्हां आई नवा सदरा शिवते. विंचवाला हें काम स्वतःच्या शरीरांतच करावें लागतें. जुन्या कवचाखालीं जिवंत त्वचेचा एक थर असतो. वाढीची वेळ आली म्हणजे शरीरांतील एका रसाच्या आज्ञेनें हा थर जुन्या कवचापासून सुटतो आणि आपल्यावर एक नवें, अत्यंत मऊ व चुण्याचुण्यांचें कवच तयार करूं लागतो. जुन्या व नव्या कवचाच्या मध्यें एक पातळ द्रव उतरतो. हा द्रव जुन्या कवचाची आंतली बाजू विरघळवितो, आणि त्यांतील उपयोगी द्रव्य शरीर पुन्हां शोषून घेतें. जुनें घर पाडतांना त्याचे वासे नव्या घरास वापरावे, त्यांतलाच हा प्रकार होय.

बाहेरून पाहणाऱ्यास या दिवसांत पुढील चिन्हें दिसतात. विंचू अन्न टाकतो. तो सुस्त होतो व बिळाच्या किंवा दगडाच्या आडोशास जाऊन बसतो. त्याच्या अंगाची झळाळी कमी होते. पोटाच्या पेरांमधील मऊ पडदे ताणून फिकट दिसूं लागतात. अशा वेळीं तो आजारी आहे असें समजून त्याला खाऊं घालण्याची किंवा हालविण्याची खटपट करणें म्हणजे त्याच्या कामांत विघ्न आणणें होय.

प्रत्यक्ष कात टाकण्याचें काम बहुधा कांहीं तासांचें असतें. कधीं कधीं त्याला अर्धा दिवसहि लागतो. विंचू अंगांतील रक्ताचा दाब पुढच्या भागाकडे वाढवितो, आणि डोक्यावरील ढालीची कड पुढून व बाजूंनीं उकलते, जणूं एखाद्या पेटीचें झांकण वर उचललें जावें. त्या फटींतून प्रथम जबडे बाहेर येतात. मग मोठे चिमटे व आठहि पाय हळूहळू आपापल्या जुन्या म्यानांतून ओढले जातात. आणि सर्वांत शेवटीं शेंपटी व नांगी मोकळी होते. बाह्य कवचच नव्हे, तर तोंडाच्या आंतील भागाचें व त्या पानापानांच्या फुप्फुसांचें अस्तरहि बदललें जातें. मागें राहते ती विंचवाच्या आकाराची एक पोकळ, कागदासारखी कात. तिच्यांत पायाच्या नखापर्यंत प्रत्येक अवयवाचें म्यान शाबूत असतें.

नुकताच बाहेर आलेला विंचू फिकट, मऊ व अगदीं असहाय असतो. त्याच्या जबड्यांत भक्ष्य फोडण्याची शक्ति नसते. नवें कवच कठीण होण्यापूर्वींच तो अंग ताणून थोडा मोठा होतो. त्याची वाढ काय ती याच अल्प काळांत होते. पुढें कांहीं दिवसांत कवच कठीण होऊन त्याला मूळचा रंग चढतो. विंचू साधारणतः पांच-सहा वेळां अशी कात टाकून प्रौढ होतो, व प्रौढ झाल्यावर सहसा पुन्हां टाकीत नाहीं.

आमची इंगळी

गेल्या वर्षीं जून महिन्यांत शाळेच्या मागील मुरमाड टेकाडावरचे दगड हालवितांना माळ्याला एक अर्धवट वाढलेली काळी इंगळी सांपडली. इंगळी म्हणजे आपल्याकडील थोराड काळा विंचू. मारण्यासाठीं उचललेली पहार माळ्यानें खालीं ठेवली, याचें श्रेय नववींतील एका विद्यार्थ्यास आहे. तो धांवत मला बोलावण्यास आला. मीं लांब चिमट्यानें ती डब्यांत घेतली, आणि मुख्याध्यापकांच्या संमतीनें विज्ञानाच्या खोलींत एका कांचेच्या पेटींत ठेविली. पेटींत चार बोटें ओलसर माती, एक फुटकें कौल व पाण्याची उथळ बशी होती. पेटीस जाळीचें झांकण व कुलूप होतें, आणि किल्ली माझ्यापाशींच असे. मुलांनीं कांचेबाहेरून पाहावें व लिहावें, हात लावूं नये, हा नियम पहिल्या दिवशींच ठरला.

त्या विद्यार्थ्यानें रोजनिशी ठेवण्याचें काम आपण होऊन पत्करलें. त्याची आई एकदां शाळेंत येऊन मला म्हणाली, “सर, आमच्या घरीं विंचू दिसला कीं पहिली चप्पल हातांत येते. आणि आमचा मुलगा जेवतांना विंचवाच्या गोष्टी सांगतो. हें काय शिकवितां तुम्ही?” मीं तिला पेटी दाखविली. ती दुरूनच उभी राहिली. परंतु मुलाची रोजनिशी तिनें सबंध वाचली, व पुढें कांहीं न बोलतां गेली.

ऑक्टोबरच्या अखेरीस इंगळीनें अन्न सोडलें. रोजनिशींत नोंद झाली : ‘रातकिडा शिवला नाहीं. पोटाच्या बाजू फिकट.’ कात जवळ आली हें आम्हीं ओळखलें. त्याच सुमारास सहामाही परीक्षा सुरू झाली. मुलगा पेटीची काळजी करीत होता. मीं त्याला सांगितलें, “तूं परीक्षेचा अभ्यास कर. चार दिवस पेटीकडे मी पाहीन.” तो निर्धास्त होऊन गेला.

मीं पाहिलें नाहीं. विज्ञानाच्या खोलींत परीक्षेस बसणाऱ्यांची सोय केली होती. तेथें सबंध दिवस डोक्यावर पंखा फिरत होता, आणि पावसाळा सरून बाहेरची हवा कोरडी झाली होती. उत्तरपत्रिकांच्या गडबडींत बशींत पाणी घालण्याचें माझ्या ध्यानांतून गेलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं, पेपर सुरू होण्यापूर्वीं, तो मुलगा केवळ एकवार डोकावून जावें म्हणून आला आणि लगेच माझ्याकडे आला. “सर, ती अडकली आहे,” एवढेंच तो म्हणाला. बशी सुकली होती हें त्यानें पाहिलें होतें. पण तें तो बोलला नाहीं.

पेटीजवळ जाऊन पाहतों तों इंगळीची ढाल उकलली होती, जबडे बाहेर आले होते, डावा चिमटा अर्धाअधिक सुटला होता. परंतु उजवा चिमटा व चार पाय जुन्या कवचांत घट्ट बसले होते. माती वरून भेगाळली होती. खोलींतील आर्द्रतामापकावर शेंकडा ३१ हा आंकडा होता. अशा इंगळीला सुमारें ७० ते ८० इतक्या आर्द्रतेची गरज असते.

कात कां अडते

येथें कारण नीट समजून घेतलें पाहिजे. जुन्या व नव्या कवचांमधील द्रव हेंच कात सुटण्याचें वंगण होय. हवा अति कोरडी असली तर कवच उकलतांच हा द्रव सुकूं लागतो, आणि जुनी त्वचा नव्या त्वचेस डिंकासारखी चिकटते. दुसरें असें कीं, कवच उकलण्यासाठीं व अवयव ओढून घेण्यासाठीं लागणारा जोर विंचू रक्ताच्या दाबानें निर्माण करतो. शरीरांतील पाणीच कमी झालें तर तो जोर अपुरा पडतो. तिसरें म्हणजे वेळ. नवें कवच हवेंत कठीण होत जातें. जुन्या म्यानांत अडकलेला अवयव तेथेंच कठीण झाला तर तो वांकडा राहतो, किंवा त्याचें रक्ताभिसरण आंवळून तो निकामी होतो. उपासमार, वारंवार हालविणें, व पेटींत राहिलेले जिवंत भक्ष्य हींहि कात बिघडण्याचीं कारणें होतात. रातकिड्यासारखें क्षुद्र भक्ष्यसुद्धां या मऊ अवस्थेंत विंचवाला कुरतडून जखमी करूं शकतें.

एक जुनी चूक

मुलानें विचारलें, “सर, बारीक चिमट्यानें ती कात हळूंच ओढून काढूं या का?” हा प्रश्न कोणासहि सुचेल. मीं त्याला पेपरला पाठविलें. पण जातां जातां कांहीं वर्षांपूर्वींची एक गोष्ट सांगितली. त्या वेळीं मी शिक्षकीच्या पेशांत नवा होतों. एका लहान विंचवाचे दोन पाय असेच अडकले होते. मला दया आली. मीं चिमट्यानें कात ओढली. कात सुटली, पण तिच्याबरोबर एक पायहि सांध्यापासून सुटून आला, आणि तेथून फिकट निळसर रक्ताचा थेंब वाहूं लागला. तो विंचू दुसऱ्या दिवशीं मेला. विंचवाची नवी त्वचा त्या वेळीं ओल्या कागदाइतकी दुबळी असते. आपण ओढतों ती जुनी कात कीं नवा पाय, हें आपल्या बोटांना कळत नाहीं.

आम्हीं काय केलें

पेटी प्रथम पंख्याखालून काढून शेजारच्या सामानाच्या लहान खोलींत नेली. नेतांना ती हिंदकळूं दिली नाहीं. पेटीच्या ज्या कोपऱ्यांत इंगळी नव्हती, तेथील मातींत कोमट पाणी हळूहळू मुरविलें. दोन भिंतींपाशीं ओल्या कापसाचे बोळे ठेविले. झांकणाचा निम्मा भाग ओल्या फडक्यानें झांकला. निम्मा हवेसाठीं मोकळा ठेविला. वरून काळें कापड टाकलें. मग खोलीचें दार लावून घेतलें.

याहून कठीण काम पुढें होतें, आणि तें म्हणजे कांहीं न करणें. दर अर्ध्या तासानें मी कापडाची कड उचलून पाहत असें. साडेदहा वाजतां कांहीं फरक नव्हता. साडेअकरा वाजतां डावा चिमटा मोकळा झाला होता. पेपर संपवून मुलगा आला तेव्हां अडकलेल्या चार पायांपैकीं दोन सुटले होते, आणि इंगळी थांबून थांबून, जणूं श्वास घेत, अंग मागेंपुढें करीत होती. दोन वाजेपर्यंत उरलेले पाय, पोट आणि शेंपटीहि बाहेर आली. उजव्या चिमट्यावर मात्र जुनें कवच हातमोज्याप्रमाणें तसेंच राहिलें.

आतां चिमट्याशिवाय सर्व शरीर मोकळें होतें, आणि विलंब घातक होता. म्हणून आम्हीं अल्पसा हस्तक्षेप केला. चित्रकलेचा नरम कुंचला कोमट पाण्यांत बुडवून, निथळून, जुनें कवच जेथें संपत होतें त्या कडेवर मीं हलकेंच टेंकविला. पाणी पोटाखालच्या श्वासाच्या छिद्रांपर्यंत वाहून जाणार नाहीं याची काळजी घेतली. तीं छिद्रें पाण्यानें भरलीं तर विंचू गुदमरतो. असें संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासानें एकदां केलें. कात ओढली नाहीं. साडेसातच्या सुमारास कवचाची कड मऊ होऊन उलटूं लागली. रात्रीं पेटी झांकून आम्ही घरीं गेलों. मुलगा वाटेंत म्हणाला, “सर, सकाळीं मी आधीं येऊन पाहूं का, कीं तुम्ही पाहाल?” मीं म्हटलें, “दोघे मिळून पाहूं.”

सकाळीं तो रिकामा हातमोजा कौलाजवळ पडला होता. इंगळी जिवंत होती. उजव्या चिमट्याचें हालणारें बोट मात्र टोंकाशीं वांकडें कठीण झालें होतें. तें सरळ करण्याचा उपाय आमच्यापाशीं नव्हता. मुलानें रोजनिशींत लिहिलें : ‘कात पूर्ण. उजवें बोट वांकडें. कारण — पाणी संपलें होतें.’ मीं तें वाचलें, आणि त्याच्याखालीं ‘पाणी घालण्याचें काम माझें होतें’ असें लिहून सही केली.

निळ्या दिव्याचा प्रयोग

पुढील दिवसांत एक मनोरंजक निरीक्षण झालें. विंचवाच्या कवचाच्या बाह्य थरांत असे पदार्थ असतात कीं, जंबुपार किरणांखालीं तें कवच हिरवट-निळ्या तेजानें चमकतें. नोटा पारखण्याचा लहान दिवा दुकानदारांपाशीं असतो, तोच आम्हीं वापरला. अंधारांत पडलेली जुनी कात झळकली. पण तिच्या शेजारीं बसलेली जिवंत इंगळी काळोखांतच राहिली! नव्या मऊ कवचाला हें तेज अद्याप आलेलें नसतें. कवच जसजसें कठीण होतें तसतसें तें प्रगट होतें. तिसऱ्या दिवशीं आम्हांला अंधुक झांक दिसली, व आठव्या दिवशीं इंगळी पूर्ववत् चमकूं लागली. हात न लावतां कवच कठीण झालें कीं नाहीं हें पाहण्याची ही उत्तम युक्ति होय. मात्र दिवा कांहीं क्षणच धरावा. विंचू अंधारांत राहणारा प्राणी आहे, आणि हा प्रकाश त्याला सोसत नाहीं. शिवाय त्या दिव्याकडे आपणहि टक लावून पाहूं नये.

दहा दिवस तिला केवळ पाणी दिलें. अकराव्या दिवशीं एक लहान रातकिडा सोडला. तिनें तो डाव्या चिमट्यानें धरला. उजव्याची मदत वांकड्या बोटानिशीं झाली ती झालीच. या वर्षीं जून महिन्यांत, पहिला पाऊस पडून गेल्यावर, ती जेथें सांपडली त्याच टेकाडावर, रहदारीपासून दूर, आम्हीं तिला सोडून दिलें. सोडतांना त्या मुलाची आईहि आली होती. या वेळीं ती आमच्याइतकीच जवळ उभी होती.

मदतीचे नियम

या अनुभवावरून निघणारे नियम थोडक्यांत असे :

१. कात जवळ आल्याचीं चिन्हें दिसतांच पेटींतील जिवंत भक्ष्य काढून घ्यावें, पाणी भरलेलें ठेवावें, व पेटी हालवूं नये.

२. माती ओलसर असावी, चिखल नसावा. सांचलेल्या पाण्यानें बुरशी येते, आणि तीहि घातकच.

३. कात सुरू झाल्यावर पुष्कळ वेळ लागला तरी घाई करूं नये. विंचू मधून मधून विसांवा घेतो. तो विसांवा म्हणजे अडथळा नव्हे.

४. खरोखरच अडथळा आहे अशी खात्री झाली, तर प्रथम हवेंतील ओलावा वाढवावा. बहुतेक वेळां एवढेंच पुरतें.

५. शरीर मोकळें होऊन एखादाच अवयव राहिला, तरच नरम कुंचल्यानें जुन्या त्वचेला पाणी लावावें. ओढूं नये, सोलूं नये.

६. कवच कठीण होईपर्यंत, म्हणजे सुमारें आठ-दहा दिवस, अन्न देऊं नये व स्पर्श करूं नये.

इतकें करूनहि विंचू मरण्याचा संभव असतो. नियम पाळले म्हणून यश येईलच असें नाहीं. पण न पाळल्यास अपयश बहुधा ठरलेलेंच.

सावधगिरीची सूचना

हा लेख वाचून कोणीहि विंचू पकडण्यास जाऊं नये. इंगळी दिसण्यांत भयंकर असली तरी तिचें विष त्या मानानें सौम्य असतें. उलट कोंकणांत व महाराष्ट्राच्या इतर भागांत आढळणारा लहानसर तांबडा विंचू अत्यंत घातक असून, त्याच्या दंशानें विशेषतः लहान मुलांच्या हृदयावर परिणाम होतो. दोहोंतील भेद मुलांनीं अंधारांत ओळखीत बसूं नये. रायगड जिल्ह्यांतील महाड येथें डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून त्याचे निष्कर्ष १९८६ सालीं प्रसिद्ध केले. पूर्वीं या दंशानें अनेक रोगी दगावत. या उपचारानें ती संख्या पुष्कळच घटली. या कार्याबद्दल २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हां विंचू चावल्यास जागा कापूं नये, दोरीनें आंवळूं नये, मंत्र-उताऱ्यांत वेळ दवडूं नये. रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. चप्पल-बूट झटकून घालणें, अंथरूण झाडून घेणें, व रात्रीं अंगणांत दिवा घेऊन जाणें या साध्या संवयी प्रत्येक घरांत असाव्यात.

उपसंहार

एकनाथ महाराजांनीं आपल्या भारुडांत काम-क्रोधांना विंचवाची उपमा दिली, आणि विंचू हा आपल्या मनांत दुष्टपणाचें प्रतीक होऊन बसला. परंतु पाठीवरच्या पिलांकडे पुन्हां एकवार पाहा. पहिली कात पडण्यापूर्वीं पिलूं आईपासून वेगळें केलें तर तें बहुधा नीट कात टाकूं शकत नाहीं व मरतें. आई त्याची कात ओढीत नाहीं, फाडीत नाहीं. ती त्याला आपली पाठ देते व आडोशाच्या ओलाव्यांत स्थिर राहते. बाकीचें काम पिलूं स्वतः करतें. आमच्या त्या लहान खोलींत ओल्या कापसानें व काळ्या कापडानें जें केलें, तें याच्याहून निराळें नव्हतें. फरक इतकाच कीं, आई पाणी घालण्यास विसरत नाहीं.

पालकांनीं व शिक्षकांनींहि हें थोडें मनांत घोळवावें. वाढत्या मुलाचा एखादा पाय अडला म्हणजे ओढण्याची घाई आपल्याला फार असते. आणि बशींत पाणी आहे कीं नाहीं हें पाहण्याचें मात्र राहून जातें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. कवच वाढत नाहीं, मग विंचू कसा वाढतो ? सविस्तर सांगा.

२. कोरड्या हवेंत कात अडण्याचीं कोणतीं दोन कारणें या लेखांत आलीं आहेत ?

३. जुनी कात निळ्या दिव्याखालीं चमकली, पण इंगळी चमकली नाहीं, असें कां?

४. खेकडा, झुरळ व नाकतोडा हेहि कात टाकतात. घराजवळ झाडाच्या सालीवर अशी एखादी रिकामी कात शोधा, तिचें चित्र काढा, व ती कोठून उकलली आहे तें लिहा.